चार नंबरचं टेबल

"धरा, धरा... टोकं धरा!"

दारातून पाऊल आत टाकतेय न टाकतेय, तोच तिच्या हातात एका गरमागरम चादरीची दोन टोकं आली. दुसऱ्या बाजूला एक उंच तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"ताणा. आता झटका. आता पुढे या."

ती निमूटपणे पुढे गेली. टोकाला टोक लागलं, बोटांना बोटं लागली... आणि टोकं त्याच्या हातात देऊन तिने उगाचच घाईने हात काढून घेतला.

"वा! नवीन असून हात चांगला बसलाय तुमचा."

"मी... कामाला नाही आले. तुमच्या कामाचा अभ्यास करायला आलेय."

"अभ्यास? चादरींचा?" तो हसला आणि मग चूक लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

तर असा सगळा प्रकार! इस्पितळांच्या चादरी धुणारी ती मोठी लॉन्ड्री, घड्या घालायची सहा टेबलं, आणि प्रबंधासाठी दिवसाआड येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारी ही आपली वहीवाली. हे नाव त्यानेच पाडलं. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कामाला हात लावायचा नाही. कोण किती वेळात काय करतं, तेवढं बघायचं आणि लिहायचं." ती बघत होती. सगळ्यांना बघत होती हो! पण चार नंबरला, म्हणजे त्याच्या टेबलाला, जरा जास्तच बघत होती, हे कबूल करायला हवं.

"आज किती लिहिलंत माझ्याबद्दल?" तो जाता-येता विचारायचा.

"तुमच्याबद्दल नाही, कामाबद्दल लिहिते."

"मग कामाला सांगतो, नीट वाग म्हणून."

सहा आठवडे असे भुर्रकन गेले. आणि मग मॅडमनी तिची वही आणि लॉन्ड्रीचा रोजचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला.

"हे काय गं? चार नंबरवर तू नसतेस तेव्हा दिवसाला दोनशे चादरी होतात. तू असतेस तेव्हा एकशेवीस! हा माणूस तुझ्यापासून खरा वेग लपवतोय. मालकाला सांगशील अशी भीती असणार. आणि एक लपवतो म्हणजे सगळेच लपवत असतील. नीट विचारून ये, नाहीतर सहा आठवड्यांवर पाणी सोड."

प्रबंधाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख दुसरंच होतं. सहा आठवडे हसून बोलला, आणि मनात मला मालकाची हेर समजत होता?

सकाळी ती तडक चार नंबरपाशी गेली. तो आणि चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या मावशी, दोघंही थांबले.

"माझ्यावर विश्वास नव्हता, तर तोंडावर सांगायचं होतंत. मुद्दाम हळू काम कशाला करायचं?"

"मी? मुद्दाम?" तो बावचळला. "अहो, नाही... म्हणजे हळू होतं... पण मुद्दाम नाही..."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तू त्या स्टुलावर बसलीस की ह्याची टोकं जुळतच नाहीत! एकेक घडी दोनदा मोडतो. माझे खांदे भरून आले सहा आठवडे. बाकीच्या टेबलांचे आकडे बघ की, तू अस नाहीतर नस, सारखेच आहेत."

तिने घाईघाईने तक्ता उघडला. एक, दोन, तीन, पाच, सहा... खरंच सारखे! कोणी काही लपवत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की ती मटकन स्टुलावरच बसली आणि हसत सुटली.

"रागावलात?" त्याने हळूच विचारलं.

"नाही हो. घोळ माझ्याही वहीत आहे. बाकीच्यांच्या पानांवर मिनिटं आहेत. तुमच्या पानावर... तुम्ही काम करताना गुणगुणता, ते लिहिलंय. हा काही अभ्यास नाही. मला तुम्ही आवडता."

तिने पेन काढलं आणि वहीतल्या चार नंबरच्या पानावर आडवी रेघ मारली.

"बाद? म्हणजे मी नापास?"

"नापास नाही, मोकळे. मॅडमना मी खरं काय ते सांगेन."

"मोकळा... मग सुटल्यावर तुमच्यासोबत चालत आलो, तर ते लिहावं लागेल?"

"मुळीच नाही."

"पोरी, आता तुझा तो हात न लावायचा नियम राहिला नाही ना?" मावशींनी आपलं टोक तिच्या हातात कोंबलं. "मग धर हे. मी जरा टेकते."

तिने टोकं धरली. ताणली, झटकली, पुढे आली. बोटांना बोटं लागली, आणि या वेळी कुणीच घाईने हात काढून घेतला नाही.

त्या दिवशी चार नंबरवर जेमतेम सत्तर चादरी झाल्या. वहीत त्याची नोंद कुठेच नाही.