सावलीला न भिणाऱ्या निवट्या

वेसाव्यात खाडीकाठच्या घरांच्या मोऱ्या थेट खाडीत उघडतात. ॲग्नेसचीही तशीच. तिचं खरकटं पाणी आणि टॉवरवाल्यांच्या नाल्याचं पाणी, दोन्ही खिडकीखालच्या त्याच चिखलात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथं निवट्या धरायला उतरायची. निवटी म्हणजे टाळूवर डोळे असलेली, चिखलात राहणारी भित्री मासळी. माणसाची सावली पडायचा अवकाश, बिळात गडप.

गेल्या वर्षी होडी उलटली. नवरा झेवियर गेला, मुलगा डेन्झिल एकटा पोहत आला. मग तो घराबाहेर पडेना. पाणी दिसलं की थरथरायचा. डॉक्टरनं मनासाठी गोळ्या दिल्या. हळूहळू पोरगा जेवू लागला, झोपू लागला. एकदा टीव्ही बघताना हसलासुद्धा.

ते हसू ॲग्नेसला झोंबलं. बाप गेला आणि हा खिदळतो? गोळ्या द्यायचं काम तिचंच होतं. दुसऱ्या दिवसापासून गोळी मोरीत आणि डेन्झिलच्या हातावर कॅल्शियमची. हसू थांबलं. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून रडू लागला, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

पावसाळा सरला तशा निवट्या पळेनाशा झाल्या. ॲग्नेसची सावली अंगावर पडली तरी मोरीच्या तोंडाशी बसून राहायच्या. बगळा एकेक उचलायचा, शेजारची हलायची नाही. मुठीत धरली तरी शेपटी हलवत नव्हती.

शेजारची जेनेव्हिव्ह टोपलीत डोकावली. "हे खाऊ नको गं. हातात तडफडत नाय ती कसली मासळी?"

"मेहनत वाचली ना माझी."

डेन्झिल त्या निवट्यांना शिवत नसे. ॲग्नेस एकटीच खायची, रोज. तिला झोप छान लागू लागली. झेवियरच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचं राहून जाऊ लागलं.

एका दुपारी तिनं रस्सा चढवला, तर घरात मासळी नव्हती.

"तुझा बाप असता तर आत्ता घेऊन आला असता," ती डेन्झिलला म्हणाली. "तू काय, सोडून पळणारा."

तो पांढराफटक पडला. त्यानं टोपली उचलली आणि खाली उतरला. वर्षभरात पहिल्यांदाच.

रस्सा उकळू लागला तेव्हा हाक आली.

"मम्मी! पाय रुतलेत! भरती येतेय!"

ती खिडकीशी गेली. डेन्झिल कमरेपर्यंत चिखलात होता. त्याच्याभोवती निवट्या बसल्या होत्या. तो हात आपटत होता, तरी एकही पळाली नाही.

"दोर टाक ना! मम्मी!"

दोर दाराशीच होता. धावायला हवं, जेनेव्हिव्हला हाक मारायला हवी, हे तिला नीट कळत होतं. छातीत धस्स होईल, याची ती वाट बघत राहिली.

झालं नाही.

पाणी त्याच्या खांद्यांना लागलं.

ॲग्नेस चुलीकडे वळली. उकळता रस्सा पळीनं तळहातावर घेतला आणि चाखला.

मीठ कमी होतं.