मालूबाईंचा पाळणा

पूर्णिमाला त्या दिवसांत रात्रीची झोप लागत नव्हती, कारण तिचं पोरगं बोलत नव्हतं. गोटूला तीन वर्षं पूर्ण झाली होती. समोरच्या घरातली त्याच्याहून लहान पोरगी भाजीवाल्याशी भांडायला लागली होती, आणि हा नुसता बघायचा. हाक मारली तरी वळायचा नाही. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, बोलत राहा, गात राहा. मग पूर्णिमा रात्रभर छताकडे बघत बसायची. पोटात होता तेव्हा आपण फार गप्प राहिलो का? मोबाइल जास्त दाखवला का? की आपलं बोलणंच इतकं कंटाळवाणं आहे, की पोराला उत्तर द्यावंसं वाटत नाही?

"आता ही पूर्णिमा कोण, ते सांगतो," पांडुरंगकाका म्हणाले. जेवणं आटोपली होती, लाइट गेली होती, आणि बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या घराच्या गच्चीवर इंदूरहून सुट्टीला आलेली नातवंडं, अनंत आणि रजनी, चटईवर पसरली होती. "आपल्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. नेपानगरच्या मिलमधल्या माणसाची पोरगी. शिकलेली, शाळेत शिकवायची. नवरा मनोज औषधांच्या कंपनीत, सारखा फिरतीवर."

"आबा, वरच्या मजल्यावर सध्या आम्ही झोपतो," रजनी म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय."

"हो गया," अनंत म्हणाला. "आज नींद गई."

काका हसले आणि पुढे सांगू लागले.

पूर्णिमाची रजा संपत आली होती. गोटू आता पाळणाघरात राहणार होता, आणि तिथल्या बाई सगळं हिंदीत बोलायच्या. दुपारी झोपताना त्याच्या कानावर निदान आईचा आवाज पडावा, म्हणून तिने ठरवलं, एक गाणं आपल्या आवाजात भरून ठेवायचं. गाणं कोणतं, हा प्रश्नच नव्हता. मालूबाईंचा पाळणा.

मालूबाई आता हयात नाहीत. रावेरपासून डोईफोडियापर्यंत बारसं म्हटलं की मालूबाई, असा एक काळ होता. त्यांची एकच कॅसेट निघाली होती, ती कोणीतरी मोबाइलवर टाकली, आणि पूर्णिमाने ती इतक्यांदा ऐकली होती की कुठे श्वास घेतलाय तेसुद्धा तिला पाठ. कॉलेजात असल्यापासून त्या तिचं दैवतच. आपण त्यांच्या पायाजवळ बसायच्या लायकीच्या नाही, असं म्हणायची आणि तेवढ्यात गुणगुणायचीही.

पण बुऱ्हाणपुरात रेकॉर्डिंग करायचं कसं? दिवसरात्र पॉवरलूमची खटखट. भिंतीला कान लावला तर भिंतसुद्धा विणतेय असं वाटावं. शुक्रवारी तेवढे माग बंद असतात. म्हणून तिने शुक्रवार धरला. दिवाळीनंतरचा, त्रिपुरी पौर्णिमेचा. संध्याकाळी खाली आली, हातात वाटीभर साबुदाण्याची खीर.

"काका, आज रात्री पाण्याची मोटर लावू नका हं. माझं रेकॉर्डिंग आहे." आणि लगेच ओशाळून, "म्हणजे रेकॉर्डिंग कसलं… मोबाइलवरच. रजईत तोंड खुपसून."

"कोणाचं गाणं?"

"मालूबाईंचा पाळणा. अगदी त्यांच्यासारखाच म्हणणार आहे. एक अक्षर बदलणार नाही."

"म्हण की. पोराला तुझाच आवाज गोड लागणार."

"त्याला काही लागतं की नाही, तेच तर कळत नाही काका," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

आता इथे काका थांबले. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं.

"पाळण्याची एक रीत असते. शेवटच्या ओळीत नावाची जागा असते. ज्याचं बारसं, त्याचं नाव तिथे घालायचं. मालूबाईंची कॅसेट आपल्याकडे घरोघरी वाजायची, पण ती ओळ आली की बाया आवाज बारीक करायच्या आणि आपल्या लेकराचं नाव स्वतः म्हणायच्या. कोणी शिकवलं नव्हतं. पण कॅसेटमधलं नाव कोणी म्हणायचं नाही."

"कॅसेटमध्ये कोणाचं नाव होतं?" अनंतने विचारलं.

"लीलाधर."

"तो कोण?"

काकांनी तांब्या बाजूला सारला. "ऐक पुढे."

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. ताप्तीवर दिवे सोडून आलेली माणसं झोपली होती. पूर्णिमाने पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, खिडकीला रजई टांगली. गोटू पलंगावर झोपला होता. एका कानात इयरफोन घालून मालूबाई, दुसरा कान मोकळा, तोंडापुढे मोबाइल. पहिल्यांदा कुत्रं भुंकलं. दुसऱ्यांदा तिलाच शिंक आली. तिने मोबाइलला "सॉरी" म्हटलं. तिसऱ्यांदा गाणं नीट झालं.

"केळीच्या पानाचं पांघरूण घे, चांदणं उशाला घे… नीज रे लीलाधरा, नीज…"

अगदी तसंच म्हणाली. अक्षरही न बदलता.

मग ऐकायला बसली. आवाज बरा आला होता, थोडा भित्रा. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं.

कर्र… कर्र…

तिने पंख्याकडे पाहिलं. बंद. खिडकी बंद. पुन्हा लावून ऐकलं. कर्र… कर्र… एका लयीत. साखळीचा असतो तसा. पाळण्याच्या साखळीचा.

घरात पाळणा नव्हता.

"आबा, बस," रजनी म्हणाली.

"झोपायचंय का तुला?"

"नको. सांगा."

मोबाइलच जुना आहे, असं म्हणून पूर्णिमाने चौथ्यांदा गायला घेतलं. आपल्या हातून एक काम धड होत नाही, असं स्वतःला सुनावलं. शेवटची ओळ आली. "नीज रे लीलाधरा…"

आणि मागून उत्तर आलं.

"हूं."

लहानसं. झोपेतलं.

ती वळली. गोटू जागा होता. डोळे सताड उघडे. तिच्याकडे बघत नव्हता. कपाटाच्या बाजूला जो कोपरा आहे, तिथे बघत होता.

आता तुम्ही म्हणाल, ती घाबरली असेल. नाही. तिला आनंद झाला. तीन वर्षांत त्याने हाकेला हूं म्हटलं नव्हतं. ती पलंगावर धावली, त्याचे गाल धरले. "गोटू! गोटू, पुन्हा म्हण! गोटू!"

काही नाही. रोजच्यासारखंच.

मग तिने ती ओळ म्हटली, गोटूचं नाव घालून. काही नाही.

उत्तर कोणत्या नावाला आलं, ते तिला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरीही… काका म्हणाले, "तिनेच मला सांगितलं, म्हणून सांगतो. ती म्हणाली, काका, माझं पोर उत्तर देत होतं हो. कोणत्याही नावाने का असेना."

तिने हळूच म्हटलं, "लीलाधर?"

गोटू हसला.

"हूं."

कर्र… कर्र… आता मोबाइल बंद होता. आवाज खोलीत होता. कपाटाशेजारून येत होता.

तिने पुन्हा हाक मारली. आणखी एकदा. प्रत्येक वेळी तो हूं म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी तो आवाज जवळ यायचा. मग एकदम थांबला.

पलंगाजवळ.

गोटू उठून उभा राहिला. त्याने हात वर केले. कडेवर घे म्हणताना मुलं करतात, तसे. पण आईकडे नाही. तिच्या शेजारी. रिकाम्या जागेकडे… टाचा वर झाल्या. मग चवडे…

तिने किंचाळून त्याला कवटाळलं. आणि कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरलंय, असं तिला जाणवलं. ओढत नव्हतं. नुसतं धरलेलं. आपल्या माणसाला धरतात तसं.

काका खालून धावत आले. दार लोटलेलंच होतं. ती पोराला छातीशी धरून भिंतीला टेकलेली, आणि तोंडाने एकच, "मी तेच नाव घेतलं काका, तेच घेतलं."

काकांना ते नाव ठाऊक होतं. लीलाधर म्हणजे मालूबाईंचा एकुलता एक. तीन वर्षांचा होऊन तापाने गेला. त्याच्या पुढल्या वर्षी कॅसेट भरली, तेव्हा कॅसेटवाला दुकानदार म्हणाला, नुसतं 'बाळा' म्हणा. त्यांनी ऐकलं नाही. एकदाच, त्या कॅसेटसाठी, त्यांनी आपल्या पोराला निजवलं. पुढे जन्मभर दुसऱ्यांची पोरं निजवली, आपल्या पोराचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही.

"गा," काका ओरडले. "तुझ्या पोराचं नाव घालून गा! खरं नाव!"

"मला नाही जमणार…"

"गा गं पोरी!"

ती गायली. कसलं गाणं आणि कसलं काय. हुंदक्यातून सूर निसटत होता, शब्द पुढेमागे होत होते. मालूबाईंसारखं काहीच नव्हतं त्यात. "नीज रे निरंजना… नीज रे माझ्या निरंजना…" पाच-सहा वेळा तीच ओळ.

खोली हलकी झाली. काकांनाही ते जाणवलं. कोणीतरी उठून गेल्यावर गादी वर येते, तसं काहीसं.

बाहेर लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. पूर्णिमाने पोराचे हात पाहिले, पाय पाहिले, कपाळाला हात लावला. गरम नव्हतं. तिने डोळे पुसले. पुन्हा भरले. पुन्हा पुसले.

"झालं," काका म्हणाले. "गेल्या मालूबाई."

"गोटू," पूर्णिमा म्हणाली. "निरंजन… बाळा… आईकडे बघ."

त्याने पाहिलं. सरळ तिच्या डोळ्यांत. तीन वर्षांत पहिल्यांदाच. एकदम शांत, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

मनोज घरात हिंदी बोलतो. पूर्णिमाची मराठी शाळेतली. त्या घरात मालूबाईंच्या बोलीतलं 'माय' किंवा 'का'ऐवजी 'काब्र' म्हणणारं कोणी नव्हतं, आणि गोटूला तोवर एक शब्द येत नव्हता.

त्याने मान वळवली. कपाटाच्या कोपऱ्याकडे. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला,

"माय वं, हे बाई कोन आहे? काब्र रडू ऱ्हायली?"