दोघं मिळून एक शिक्षक

प्रयोगशाळेत कुणीतरी रिकाम्या बाकांना खडसावत होतं, तेही परक्या भाषेत. मी खिडकीतून डोकावले. विज्ञानाचे सर फळ्यासमोर ताठ उभे राहून, शपथ घ्यावी तशा आवाजात म्हणत होते, "मुलांनो... आज आपण... पाणी तापवू."

"तापवा की," मी म्हटलं. "घाबरताय कशाला?"

त्यांच्या हातातला खडू पडला. "बाई, तुम्ही ऐकलंत?"

"तळमजल्यावरही ऐकलं असेल."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते हसले. एकाच शाळेत असून मी त्यांचं हसू प्रथमच पाहत होते. परकी भाषा शिकवणाऱ्या बाईंना विज्ञानाच्या मजल्यावर काम नसतं.

आता मात्र काम निघालं होतं. संस्थेने त्या वर्षापासून विज्ञान परक्या भाषेत शिकवायचं ठरवलं होतं. त्याने मुलं पुढे जातील, असं अध्यक्षांचं म्हणणं. कुठे, ते कुणी विचारलं नाही. विचारणं मागासलेपणाचं दिसलं असतं. सरांना विज्ञान तळहातावरच्या रेषांसारखं ठाऊक, भाषेच्या नावाने मात्र ठणठणाट. माझं नेमकं उलट. मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"तुम्हाला विषय येतो, ह्यांना भाषा येते. दोघं मिळून एक शिक्षक होतो. सत्राअखेरीस अध्यक्ष स्वतः पाठ बघायला येणार. जमलं तर ठीक. नाहीतर सर, तुमची बदली नदीपलीकडच्या शाखेत."

सर फळ्याशी, मी शेवटच्या बाकामागे, अशी वाटणी झाली. सर अडले की माझ्याकडे बघायचे आणि मी आवाज न करता ओठांनी शब्द सांगायचे. एखाद्या पुरुषाने तासभर आपल्या ओठांकडे टक लावून बघावं आणि त्याचा पगार शाळेने द्यावा... नोकरीत एवढी सोय मी आधी पाहिली नव्हती.

हळूहळू लक्षात आलं, की सर न अडताही बघतात. त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी न विचारताही मी ओठ हलवते.

"सर, आज तर तुम्हाला शब्द येत होता."

"येत होता."

"मग?"

"खात्री केलेली बरी."

खरी पंचाईत मुलांची होती. ती सगळं घोकायची, माना डोलवायची. समजायचं काहीच नाही. शेवटी सरांनीच नियम काढला – उंबऱ्याच्या आत परकी भाषा, उंबऱ्याबाहेर आपली. ज्याचं डोकं अडेल त्याने बाहेर जाऊन मनमोकळं विचारायचं, समजून घ्यायचं आणि आत येऊन परक्या भाषेत सांगायचं. पहिला आठवडा वर्ग ओस आणि व्हरांडा गजबजलेला. पण बाहेरून जो आत यायचा, तो मान डोलवायचा नाही, बोलायचा.

सरही बाहेर यायचे. मी व्हरांड्यात असले की जरा जास्तच.

"आईचा फोन होता, बाई. म्हणते, मुली बघायला लागू का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, थांब. आधी बदली होते का बघू."

"आणि नाही झाली तर?"

"तर..."

आमच्या शाळेची घंटा कधी वेळेवर होत नसे. त्या दिवशी झाली.

अध्यक्ष आले त्या दिवशी घात झाला. मुख्याध्यापिकांनी मला मान म्हणून पहिल्या रांगेत, थेट अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. तिथे ओठ हलवले असते तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांना शिव्या घालतेय.

पाणी उकळलं. सरांनी वर गार ताटली धरली, तिला थेंब लागले... आणि सर थांबले. शब्द हरवला. सवयीने त्यांनी शेवटच्या बाकामागे पाहिलं. तिथे भिंत होती. मग माझ्याकडे पाहिलं. नदीपलीकडची शाखा मला त्यांच्या चष्म्यात दिसली. मी ओठ घट्ट मिटले... आणि डोळ्यांनी दार दाखवलं.

सर शांतपणे उंबरा ओलांडून गेले आणि बाहेरून आपल्या भाषेत म्हणाले, "खरी वाफ दिसत नाही, मुलांनो. ती असतेच. गार काही समोर आलं की तिचे थेंब होतात, आणि मग आपल्याला कळतं."

मुलं भराभर बाहेर गेली, प्रश्न विचारून आत आली आणि परक्या भाषेत घडाघडा सांगू लागली. मुख्याध्यापिकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. अर्धा तास ते जाणकारासारखी मान डोलवत होते. आता ते उंबऱ्याबाहेर गेले आणि हळूच विचारते झाले, "म्हणजे किटलीतून पांढरं पांढरं निघतं, ती वाफ नव्हे?"

"ते बारीक थेंब, साहेब. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही ना? तिथे वाफ."

"अरे! हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही."

आत येऊन ते परक्या भाषेत "फार छान" म्हणाले. नंतर कळलं, त्यांना तेवढंच येत होतं. बदली टळली. उंबऱ्याचा नियम सगळ्या शाखांना लागू झाला – अर्थातच अध्यक्षांच्या कल्पनेतून.

सगळे गेल्यावर मी ताटली पुसत होते. सर स्पिरिटच्या दिव्यावर उकळणाऱ्या पाण्याशी उभे होते, चष्मा वाफेने धूसर.

"निरीक्षण करा," ते परक्या भाषेत म्हणाले. "तापमान... वाढत आहे. थेंब... दिसू लागले आहेत. निष्कर्ष..."

बिचाऱ्यांना त्या भाषेत प्रयोगापलीकडे काही येत नव्हतं. शिकवलं मीच होतं, तक्रार कुणाकडे करणार? मी दाराकडे बोट दाखवलं. ते व्हरांड्यात गेले. मी उंबऱ्याच्या आत थांबले.

"तुम्ही समोर नसलात की मला शब्द सुचत नाहीत, बाई."

"कुठल्या भाषेत?" मी आत होते, म्हणून परक्या भाषेत विचारलं.

"कुठल्याच." ते उंबऱ्याजवळ आले. "होतंच ते... दिसत नव्हतं, इतकंच. आईला सांगू का, मुली बघू नकोस म्हणून?"

नियम म्हणजे नियम. मी आवाज न करता ओठ हलवले – परक्या भाषेच्या पहिल्या धड्यातला पहिला शब्द, होकाराचा.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "परत सांगा ना."

"समजलं नाही?"

"समजलं. पण खात्री केलेली बरी."

मग मात्र मी उंबरा ओलांडला, आणि आपल्या भाषेत सांगितलं.