वरच्या तुकड्याची छाटणी

द्राक्षमळ्याच्या मालकीण मादाम कोर्मिये यांच्या शार्डोने वाइनच्या बाटलीवर मागच्या बाजूला छापलेलं असतं : 'एकाच हाताची छाटणी'. तो हात माझा. चाखणारे लोक लिहितात, की या वाइनमध्ये ओला दगड आहे, लिंबाची साल आहे आणि एका शिस्तप्रिय हाताचा स्पर्श आहे. बाटलीवर टेकडीचं नाव आहे, मादामच्या आजोबांचं नाव आहे, आमच्या मातीत सापडणाऱ्या शिंपल्याचं चित्रही आहे. तो शिंपला माणूस जन्मण्याआधी दगड झाला, वाइनसाठी त्यानं काडीचे कष्ट घेतलेले नाहीत, तरी त्याचं चित्र. माझं नाव नाही. हे मी एकदा मादामना बोललो. त्या म्हणाल्या, "तू आधी दगड हो, गोतिए. मग बघू."

तर जानेवारीत, द्राक्षवाल्यांचा संत सें व्हँसाँ याची मिरवणूक आणि तिच्या मागून येणारी डोकेदुखी ओसरल्यावर, मी मळ्याच्या वरच्या तुकड्यात वेलींच्या छाटणीला लागलो. आमच्या शाब्ली गावातली ही सगळ्यात गार उतरण. नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि तारांवर हिमाचा थर बसतो. छाटलेल्या काड्या लोखंडी ढकलगाडीत तिथंच जाळायच्या, धगीवर हात शेकायचे, पुढच्या वेलीकडं सरकायचं. कात्री विजेची, बॅटरी पाठीवर. ती तारेत अडकली की दुसऱ्या हातात घेऊन सोडवावी लागते. तेवढं मात्र जपून, कारण काडी कुठली आणि बोट कुठलं हे तिला कळत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी पीचच्या रानटी झाडापाशी थांबलो. सोमवारी येऊन बघतो, तर झाडापुढची अख्खी ओळ छाटलेली.

आधी आनंद झाला. मग जवळ जाऊन बघितलं आणि टाळकंच सरकलं. काम माझं होतं.

म्हणजे अगदी माझंच. मी डावखुरा. माझ्या कापाचा उतार नदीकडं झुकतो, बाकी सगळ्या गावाचा टेकडीकडं. शिवाय छाटून उरलेल्या खुंटावर मी वरच्या डोळ्यापुढं, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपुढं, अंगठ्याएवढं लाकूड उगाच सोडतो. वाईट सवय आहे, शिव्या खाऊनही गेली नाही. इथं प्रत्येक वेलीवर तो अंगठा होता. माझं कसब चोरलं असतं तर समजू शकलो असतो. माझा गबाळेपणा चोरायचा कुणाला काय अधिकार?

शेजारच्या तुकड्यात ओदिल छाटत होती. आम्ही शाळेपासून एकमेकांचा अपमान करत आलोय.

"ओदिल, ही चेष्टा तुझी?"

"तुझं काम मी करू? फुकट? आणि इतकं वाईट?"

"मग कुणी केलं?"

तिनं तारेखालून वाकून एक वेल निरखली. काप बघितला, अंगठा बघितला. "तू," ती म्हणाली. "जरा कमी पीत जा, राजा."

दुपारी मादाम आल्या. गाडीचं दार आपटलं तेव्हाच कळलं.

"काल रविवार होता, गोतिए. चर्चमधून बाहेर पडताना अख्ख्या गावानं माझ्या तुकड्यातला धूर बघितला."

"काल मी आईकडं कोंबडी खात होतो. आईला विचारा."

"आईला काय विचारायचं? वेल सांगतेय ना."

आमच्याकडची हीच रीत. माणसाच्या शब्दाला किंमत नाही, कापाला आहे.

"दुसऱ्या कुणी हात लावला असेल तर तसं सांग," मादाम म्हणाल्या. "मग बाटलीवरचं वाक्य खोटं ठरेल आणि हा तुकडा मी तुझ्याकडून काढून घेईन. बोल. कुणी केलं?"

या तुकड्यासाठी मी हिवाळ्यामागून हिवाळे घालवलेत. इथल्या वेली मला आतेमामेभावंडांपेक्षा जास्त माहीत आहेत आणि जास्त आवडतात.

"मीच," मी म्हणालो. माझ्याच कामाची खोटी कबुली देताना दातओठ खाल्ले.

मग रोज तेच. मी सकाळी पोचायच्या आत पुढची ओळ तयार. दोन ओळींमध्ये, जिथं जळत्या काड्यांची ढकलगाडी उभी राहिली असेल तिथं, हिम वितळून गोल झालेला. राख कोमट. ढकलगाडी मात्र माझ्याकडं, खाली, थंडगार.

बुधवारी धुक्यात कात्रीचा आवाज आला. चक्, चक्. थोडं वर.

"कोण आहे रे तिकडं? माझ्या वेली सोड!"

आवाज थांबला. मग शीळ आली. मी काम करताना घालतो तीच, गाण्याच्या तिसऱ्या ओळीत घसरणारी. माझा सूर घसरतो हे माहीत होतं. इतका घसरतो हे दुसऱ्याकडून ऐकायची माझी इच्छा नव्हती.

पळत वर गेलो. राख, धूर, कुणी नाही.

गुरुवारी ओळ धरून थेट वरच्या दगडी बांधापर्यंत चढलो. बांधाच्या अलीकडं काम बिघडलं होतं. एका वेलीची काडी अर्धवट कापून तशीच लोंबत ठेवलेली. पुढच्या काही वेलींना हातच नाही. आणि त्यानंतर सगळे काप टेकडीकडं झुकलेले. उजव्या हाताचे. साल सोललेली, डोळे चिरलेले, जणू कुणी बटरच्या सुरीनं छाटलं होतं.

मी अक्षरशः नाचलो. मादामना फोन करून वर बोलावलं.

"बघा! हे तरी माझं म्हणाल?"

मादामनी हातमोजा काढून कापावर बोट फिरवलं. "नाही. हा उजवा हात आहे. नवशिका."

मग त्यांचं बोट खुंटाच्या टोकाशी थांबलं. डोळ्यापुढं अंगठ्याएवढं लाकूड. पुढच्या वेलीवरही. त्याच्या पुढच्याही.

मादामनी बोट झटकन मागं घेतलं.

"हे दुरुस्त कर," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "आत्ताच. मी कुणाला काही विचारणार नाही, तुकडा तुझाच राहील. इथून लाग." आणि त्यांनी ती अर्धवट काडी दाखवली.

एवढ्या घाईनं उतरताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्याची घाण मी काढायची. ठीक आहे. मी कात्री सुरू केली.

काडीला लावली. दाबली.

पातं तारेत अडकलं.

मी शिवी हासडली आणि कात्री सोडवायला उजव्या हातात घेतली. डावा हात काडीकडं नेला, तेव्हा तारेवर टांगलेला हातमोजा दिसला.

डाव्या हाताचा. तळव्यावर जळका डाग, सोमवारी निखारा पडून माझ्या मोज्याला पडला तसाच. माझा मोजा माझ्या हातात होता. डागासकट.

टांगलेल्या मोज्याची दोन बोटं आत दुमडून मुळाशी शिवून टाकलेली होती.

"ए गोतिए!" खालून ओदिल ओरडली. "झोपलास का? हात चालव!"

मी टाके बघत होतो. वेडेवाकडे होते. डावखुऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच उजव्या हातात सुई धरल्यासारखे.