घरातला पत्ता

काम तसं दहा मिनिटांचंच होतं. सोमवारी रंगारी येणार होता आणि मागची छोटी खोली त्याआधी रिकामी करून द्यायची होती. त्याने कपाट ओढून मधोमध आणलं, पडदे उतरवले, शिवणयंत्रावर जुनी चादर टाकली. उरला होता फक्त फळीवरचा तो काळा डबा.

डबा म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. ऑफिसने मोडीत काढलेला, त्यानेच घरी आणून, झाडूनपुसून बायकोला दिलेला. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. एक विजेची वायर आणि एक नेटची, बस. बायको आजारी पडून घरी बसली तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीने तिला एका ऑनलाइन खेळाचं वेड लावलं. ठोकळे रचून घर बांधायचं, बाग लावायची, आणि आपण ज्याला बोलावू त्यानेच तिथे यायचं. तो खेळ या डब्यावर चालायचा. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. डबा चालूच होता. मुद्दाम ठेवला होता असं नाही. बंद करायला कुणी त्या खोलीत गेलं नव्हतं.

तो स्वतः नेटवर्कच्या धंद्यातला. चोवीस वर्षं लोकांची तुटलेली कनेक्शनं जोडत आलेला. फोन उचलायचा, समोरच्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, चार बटणं दाबायची आणि म्हणायचं, "माझ्या बाजूने सगळं ठीक आहे." ऑफिसात या वाक्यावरून त्याची टिंगल व्हायची. घरातही व्हायची. "अहो, छप्पर कोसळलं तरी तुम्ही ढिगाऱ्याखालून हेच म्हणाल," असं बायको म्हणायची.

रविवार होता. दुपारचे तीन वाजायला आले होते. पडदे काढल्यामुळे खोलीत नको तितका उजेड होता आणि त्या उजेडात डब्याच्या पंख्याची घरघर उगाचच मोठी वाटत होती. तापलेल्या धुळीचा वास येत होता. त्याने प्लगकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला.

डब्यामागचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

रिकामा डबा कसा लुकलुकतो ते त्याला पाठ होतं. मधूनच एकदा, झोपेत कूस बदलावी तसा. हा तसा नव्हता. घाईघाईने, सलग, बोलणाऱ्याच्या ओठांसारखा. आत कुणीतरी होतं.

त्याने मेहुणीला फोन लावला आणि खेळाचा विषय काढला.

"भाओजी! आज सूर्य कुठून उगवला? तुम्ही आणि खेळाचं विचारताय?"

"तू आत आहेस का आत्ता?"

"मी? छे हो. ताई गेल्यापासून एकदाही नाही गेले. हातच धजत नाही."

"मग आणखी कुणाकुणाला पत्ता दिला होता तिने?"

तिने ते टाळलं. "तुम्ही स्वतः जाऊन बघा ना एकदा. ताईला बरं वाटलं असतं."

हे तिने सहज म्हटलं, पण त्याला ते टोचलं. दोन वर्षं दर रविवारी तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचा आणि या खोलीतून बायकोचं हसू ऐकू यायचं. इतकी मनमोकळी ती त्याच्याशी बोलताना कधी हसली होती, हे त्याला आठवून आठवून सापडायचं नाही. तेव्हाही आत काहीतरी जळायचं. खेळावर काय जळायचं, म्हणून तो पान उलटायचा.

त्याने लॅपटॉप आणला, शिवणयंत्रावर ठेवला, खेळ उतरवून घेतला. मेहुणीने सांगितलेला सर्व्हरचा, म्हणजे या डब्याचा, पत्ता टाकला. गोल चक्र फिरत राहिलं. मग ओळ आली: सर्व्हरकडून उत्तर नाही.

"व्हर्जन बघा," मेहुणी फोनवरून म्हणाली. "ताईने डबा कधी अपडेटच केला नाही. चालतंय ना, मग कशाला डिवचायचं म्हणायची."

त्याने जुनं व्हर्जन घातलं. उत्तर नाही. राउटर बंद करून परत चालू केला. परक्याला अडवणारी फायरवॉल तपासली, आत शिरायचा पोर्ट तपासला. सगळं उघडं होतं. मेहुणीने तिच्या घरून बघितलं, तर तिला सर्व्हर स्वच्छ दिसत होता. जगाला दिसत होता. दोन हातांवर बसलेल्या त्याला तेवढा दिसत नव्हता.

"माझ्या बाजूने..." तो सवयीने बोलून गेला आणि ओशाळला.

"अहो भाओजी, तुम्ही कुठला पत्ता टाकलाय? मी दिला तोच? तो तर बाहेरच्यांसाठी आहे! घरात बसून घरातला पत्ता टाकायचा असतो. हे मला ताईने शिकवलं, आणि ताईला कुणी शिकवलं, तर तुम्ही!"

हे तो ऑफिसात नव्या पोरांना दरवर्षी सांगायचा. माणूस घरातच असेल तर बाहेरून फेरा मारून आपल्याच दारावर थाप देऊन चालत नाही. राउटर ओळख देत नाही. त्याने कपाळावर हात मारला, घरातला पत्ता आणि आपलं नाव टाकलं. या वेळी उत्तर ताबडतोब आलं.

तुमचं नाव यादीत नाही.

त्याने फोन ठेवला. डबा त्याने बांधलेला होता, किल्ल्या त्याच्याकडे होत्या. लॅपटॉपवरून तो थेट डब्यात शिरला आणि यादी उघडली. प्रवेश असलेली तीन नावं होती. 'बागवाली', म्हणजे बायको. 'धाकटी', म्हणजे मेहुणी. आणि तिसरं: 'शेजारी'.

कोण शेजारी?

त्याने नोंदवही उघडली. कोण कधी आलं, कुठून आलं, काय बोललं, सगळं डबा ओळीने लिहून ठेवत होता. अगदी सुरुवातीपासून जवळजवळ रोज दुपारी बागवाली आणि शेजारी एकत्र आलेले होते. त्याच्या ऑफिसच्या वेळेत. आणि शेजाऱ्याचा पत्ता बाहेरचा नव्हता. घरातला होता. म्हणजे तो जो कोणी होता तो याच छपराखाली बसून, याच नेटवरून खेळत होता.

त्याचे कान तापले. तो वाचत सुटला. *अहो, पायरी जरा रुंद करा ना.* शेजाऱ्याने पायरी रुंद केलेली. *अहो, थकलात का?* शेजारी म्हणे, *नाही गं. तू सांग, मी ऐकतोय.*

अहो! त्या दोन अक्षरांवर त्याची नजर खिळून राहिली. सत्तावीस वर्षं तो शब्द त्याचा होता. बायकोने दुसऱ्या कुणाला या सुरात हाक मारलेली त्याने ऐकली नव्हती. मेलेल्या माणसाचा हेवा करता येत नाही म्हणतात. पण मेलेल्या बायकोच्या सगळ्या दुपारी बळकावून बसलेल्या माणसाचा करता येतो.

त्याने पुन्हा फोन लावला. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. "हा शेजारी कोण? खरं सांग."

मेहुणी हळूच म्हणाली, "तुम्ही, भाओजी."

"काय?"

"एकदा तुम्ही म्हणालात ना तिला, रविवारी येतो खेळायला. तिने लगेच तुमच्यासाठी नाव काढून ठेवलं. एकाच घरात राहून भेट होत नाही, म्हणून शेजारी. तुम्ही आला नाहीत. मग ती... दोन्हीकडून तीच खेळायची. एका हातात तिचा लॅपटॉप, दुसऱ्या हातात तुमचा जुना टॅब. तुमचं बोलणंही तीच टाइप करायची. मी हसले तर म्हणाली, असू दे गं, इथे तरी ऐकतात."

स्वतःचाच मत्सर करत बसलेला माणूस जगात दुसरा नसेल. हसू आलं, मागून हुंदका आला. "टॅब कुठाय आता?"

"माझ्याकडे. फुटलाय. चालू होत नाही. भाओजी, एक विचारू? मधूनमधून दुपारी मी नुसतं बाहेरून बघते. सर्व्हरवर दोन जण दिसतात. डबा चुकीचं दाखवत असेल असं धरून चालले होते... ते दोघं कोण आहेत?"

नोंदवही तो बायको गेली त्या दिवसाच्या पुढे सरकवत होता. तो दिवस कोरा होता. पुढचे तेरा दिवस कोरे. चौदाव्या दिवसापासून रोज, दुपारी: बागवाली आली. शेजारी आला. आणि अगदी खाली, आजच्या तारखेला, तीन मिनिटांपूर्वीची ओळ:

*अहो, आज रविवार ना?*

*हो. म्हणून तर आलो.*

फोन कधी बंद झाला त्याला कळलं नाही. त्याला भीती वाटत नव्हती. निदान त्या वेळी तरी नव्हती. माझं नाव आहे ते. माझी जागा. त्याने खेळात 'शेजारी' लिहिलं. पासवर्ड म्हणून स्वतःची जन्मतारीख टाकली, आणि ती बरोबर निघाली.

या नावाने कोणीतरी आधीच आत आहे.

डब्याचे सगळे अधिकार त्याच्याकडे होते. नको असलेल्याला हाकलायला एक ओळ पुरते. ती त्याने लिहिली आणि बटण दाबलं. दुसऱ्या क्षणी तो आत होता.

समोर घर होतं. ठोकळ्यांचं, पण देखणं. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे फुलं, ओसरीत दोन खुर्च्या. एकीवर बागवाली बसलेली. चौकोनी डोकं, अंगात हिरवं काहीतरी. तिने मान वळवली.

खाली अक्षरं उमटली. *अहो, कुठे गेला होतात?*

त्याने लिहिलं, *मी इथेच आहे.*

ती उठली. दोन पावलं पुढे आली आणि थांबली. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

*तुम्ही कोण?*

*मी गं. मी.*

*अहो...* तिने लिहिलं. पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिचं तोंड घराच्या दाराकडे होतं. *अहो, लवकर या. तुमचं नाव लावून कोणीतरी पायरीवर आलंय...*

दार आतून उघडलं. लॅपटॉपचा स्क्रीन काळा झाला.

याच नावाने दुसरीकडून प्रवेश झाला आहे. तुमचं कनेक्शन तोडलं आहे.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. यादीत नाव नाही. पुन्हा. नाव नाही. डब्यात शिरायला गेला, तर त्याचा स्वतःचा, त्यानेच बसवलेला पासवर्ड चुकीचा ठरला. आधी उघडलेली नोंदवही मात्र अजून समोर होती आणि तिच्यात एकेक ओळ सावकाश भरत होती.

*गेला का?*

*गेला. माझ्या बाजूने सगळं ठीक आहे.*

त्याने प्लगकडे बघितलं. एक हिसका पुरला असता. पण त्या हिसक्याने एकटा शेजारी गेला नसता, तीही गेली असती. दुसऱ्यांदा, आणि या वेळी त्याच्या हाताने. त्याने हात मागे घेतला, रंगाऱ्याला फोन करून या खोलीपुरतं नको म्हणून सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

दार ओढण्याआधी त्याने नोंदवही आणखी एकदा पाहिली होती. धंद्यातली सवय, कोण कुठून आलं ते बघायचं. बागवाली, घरातला पत्ता. शेजारी, घरातला पत्ता. आणि मधली ती एकच ओळ, त्याची स्वतःची, त्या खोलीत, त्या डब्यापासून दोन हातांवर बसून केलेली.

तिच्यासमोर बाहेरचा पत्ता होता.