वर माणूस आहे

हळ्ळीखेडात वीज आली तेव्हा पहिल्या खांबावर चढला तो बळीराम. पुढे निवृत्त होईपर्यंत तो आसपासच्या गावांतले खांब चढत-उतरत राहिला आणि एक नियम त्याने कधी मोडला नाही. माणूस खांबावर असला की त्या लाइनचा फ्यूज खाली उभ्या असलेल्याच्या खिशात. वरचा खाली येऊन स्वतःच्या तोंडाने "उतरलो" म्हणेपर्यंत तो खिशातून काढायचा नाही. मग साहेब कितीही ओरडू दे, नाहीतर अख्खं गाव अंधारात बसू दे.

एकुलत्या एक मुलाला, श्रीमंतला, त्याने हेच आधी शिकवलं. श्रीमंत रेल्वेत लागला तो दूर दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात. तिथल्या गाड्या कोळशावर नव्हे, डोक्यावरच्या तारांवर धावत. त्या तारा दुरुस्त करणं हे त्याचं काम. एप्रिलात जयंतीला सुट्टीवर आला की तो शहाबादी फरशीवर कोळशाने ते शहर काढून दाखवी. घराला घर चिकटलेलं, खिडकीला खिडकी आणि मधून गाडी. "माय, तिकडं रात हुतच न्हाई बघ," असं म्हणून तो हसायचा. त्याची आई भागाबाई ती फरशी दोन-दोन दिवस पुसत नसे.

एका पावसाळ्यात टेलिग्राम आला. श्रीमंत वर असताना तारेत करंट आला होता. कुणी सोडला, कसा सोडला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आईबाप गाड्या बदलत पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं; त्यांच्या हाती पत्र्याची पेटी तेवढी लागली. त्यानंतर घरात त्या शहराचं नाव कुणी घेतलं नाही.

नाव घेतलं नाही, पण बळीराम ते शहर बांधायला बसला. भागाबाईला वाटलं, हात कामात राहिले तर बरंच. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांवर त्याने छत्रीच्या काड्यांचे रूळ अंथरले. सायकलच्या तारांचे खांब केले, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तांब्याची तार सोडवून ती खांबांवरून ओढली. आगपेट्यांवर आगपेट्या रचून पाच-पाच मजली घरं उभी केली, त्यांच्या खिडक्यांना पतंगाचा कागद लावला आणि आत बॅटरीचे बल्ब. टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर चालणारी चार डब्यांची गाडीसुद्धा केली. लेकाने फरशीवर काढलेली एकही गल्ली तो विसरला नव्हता. शहर मागच्या भिंतीपासून वाढत वाढत उंबऱ्याला येऊन टेकलं. घरात भिंतीकडेने एक पाऊल टाकण्यापुरती वाट उरली. भागाबाई स्वयंपाक अंगणात करू लागली.

शहर पुरं झालं. करंट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बसवून भिंतीवर त्याच्यासाठी वेगळा बोर्ड ठोकला. गावातली माणसं बघायला आली, तोंडात बोटं घालून उभी राहिली. पण करंट काही सोडला नाही. चिनीमातीचा तो फ्यूज बळीरामच्या सदऱ्याच्या खिशात.

"कामून लावंनात वो? एकदा बघू तरी द्या," भागाबाई म्हणाली.

"माझा माणूस वर हाय," बळीराम म्हणाला. "उतरलो म्हणून मला कुणी सांगितलंय?"

ती अंगणात चुलीकडे वळली. 

शिडी दिसली ती त्यानंतर. मागच्या भिंतीशी, समुद्राकडच्या पहिल्या स्टेशनाजवळ एका खांबाला टेकवलेली, बोटाएवढी, बांबूच्या कामट्यांची. पायऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. बळीरामने ती भिंग लावून पाहिली आणि बायकोला हाक मारली. "ही मी केलेली न्हाई. गाठी बघ."

गाठी उलट्या होत्या. श्रीमंत डावरा होता, त्याच्या गाठी अशाच पडायच्या. भागाबाईने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. नवऱ्याच्या हाताला काय जमत नव्हतं? दुःखाने माणूस स्वतःच्याच नकळत काय काय करतो, असं तिने मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिडी पुढच्या खांबाला होती. मग त्याच्या पुढच्या. बळीराम सकाळी चूळ भरायच्या आधी शिडी बघायचा. त्याचं जेवण सुटलं, चेहरा मात्र उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो गुणगुणताना ऐकू आला आणि भागाबाईला त्या गुणगुणण्याचीच भीती वाटली.

"एकेक खांब सरकत यायलाय गं," तो म्हणाला. "उंबऱ्यापतूर आला, उतरलो म्हणला, की फ्यूज लावतो. मग बघ तुझ्या लेकाचं गाव."

आणि उंबऱ्यापर्यंत येऊन कुणीच काही म्हणालं नाही तर? त्या दिवशी हा माणूस जगणार नाही, हे भागाबाईला भाकरी भाजताना स्पष्ट दिसलं. लेक गेला होता, आता नवराही जायचा. शिडीला अजून दोन खांब उरले होते.

त्याच सकाळी बळीराम सुटलेल्या तारांना डाग द्यायला कथील आणायला हुमनाबादला गेला. दुपारनंतर भागाबाईचा धाकटा भाऊ मारोती आला. गावातल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेने बांधून देणारा, हसरा गडी. तिने त्याला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

"एकदा दिवं लागलं ना अक्का, की दाजीचं मन मोकळं हुईल. शिडीचं येडबी जाईल," तो म्हणाला.

"फ्यूज तर त्यांच्या खिशात हाय."

"त्याला काय लागतंय? तारेचा एक तुकडा बास."

सगळं गाव तेच करायचं. फ्यूज उडाला की तारेचं एक वेटोळं घालायचं आणि कामाला लागायचं. बळीरामने त्यापायी किती जणांना शिव्या दिल्या होत्या. मारोतीने वायर सोलून एक बट काढली, बोर्डात फ्यूजच्या जागी घातली आणि बहिणीकडे पाहिलं.

भागाबाईने उंबऱ्याबाहेरूनच मान हलवली. "लाव."

शहर पेटलं.

खिडकीला खिडकी पिवळी, लाल, हिरवी झाली. घरांमधून गाडी निघाली, वळणावर तिच्या टपावर बारीक ठिणग्या उडाल्या. दिवस कलला होता, आणि त्या अंधारलेल्या घरात रात कशी होत नाही ते भागाबाईला पहिल्यांदा कळलं. "माझं लेकरू हितं राहत हुतं," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला की ती हात जोडून उभी राहिली.

मग सगळे दिवे एकदम मंदावले.

उंबऱ्याजवळ काहीतरी चरचरलं, ओल्या वातीसारखं.

दिवे पुन्हा लागले. घरात केस जळल्याचा वास आला.

मारोतीने घाईने तार ओढली. "शॉर्ट झालं असंल," तो म्हणाला. पण त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळच्या बसने बळीराम आला. तो दारात थांबला. त्याचा एक हात छातीवर होता. हात काढला तेव्हा सदऱ्याच्या खिशाला तपकिरी डाग दिसला, इस्त्री जास्त वेळ राहिल्यासारखा. त्याने फ्यूज काढून भागाबाईच्या तळहातावर ठेवला. चिनीमाती काळी पडली होती. आतली तार वितळून गेली होती.

"बसमध्ये बसलो हुतो," तो म्हणाला. मग अगदी हळू, "कुणी सांगितलं तुमाला, त्यो उतरला म्हणून?"

भागाबाईने खाली पाहिलं. सकाळी झाडताना शिडी दोन खांब मागे होती, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आता ती शेवटच्या खांबापाशी, उंबऱ्याला लागून, रुळांवर आडवी पडली होती. वरच्या पायऱ्या काळ्या होत्या.

बळीराम त्या शहराकडे पुन्हा फिरकला नाही. तो अंगणात खाटेवर बसून असतो. समोर ठेवलं तर जेवतो. बोर्डाच्या वायरी मारोतीने मुळापासून कापून नेल्या, तरी फळी मोडायला भागाबाई कुणाला हात लावू देत नाही.

रोज सकाळी झाडून झालं की ती वाकून शिडी उचलते आणि शेवटच्या खांबाला नीट टेकवते. "उतर बाळा," ती सांगते, "करंट बंद हाय."

दिवेलागणीला ती चिमणी घेऊन आत येते, तेव्हा शिडी रुळांवर आडवी पडलेली असते.