कोगनोळी नाक्यावरची अर्धी ज्योत

सोमवारची पहिली कोल्हापूर बस हत्तरगी मागं टाकून निघाली होती, आणि विद्युल्लताच्या हातातला गेमचा कन्सोल बारीक आवाजात वाजला — टिंग.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली : जवळपास आणखी एक प्रवासी आहे.

तिनं मान वर केली. प्रवासी तर बस भरून होते... भाजीच्या बुट्ट्या, कॉलेजची पोरं, पेंगणारे मास्तर. गेमला हवा असलेला प्रवासी यांतला कोणता? तिची नजर फिरत फिरत दोन सीट मागं गेली. खिडकीशी एक उंच, सावळा पोरगा बसला होता आणि त्याच्या हातात तसलाच कन्सोल होता. हजेरीला हात वर करावा तसा त्यानं तो वर धरला, आणि लगेच लाजून खाली घेतला.

विद्युल्लता बेळगावातल्या वडगावची. निपाणीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. गल्लीत दिवसभर माग खडखडायचे, आणि हिची बोटंही तशीच, कधी स्वस्थ म्हणून नसायची. नोरावेल नावाचा नवा गेम हातात आल्यापासून तर आईनं हातच टेकले होते. लग्नाच्या वयाची पोरगी बोटभर बाईला धुक्यातून पळवत बसते, हे चारचौघांत सांगायची आईला लाज वाटायची. विद्युल्लताला वाटायची नाही. पुरुषानं क्रिकेट बघत रविवार लोळून काढला तर तो विरंगुळा, आणि बाईनं तासभर खेळलं तर ते खूळ — असं कुणी सुचवलं की ती पाहुण्यांसमोरसुद्धा सुनावायची.

संकेश्वरला बस निम्मी रिकामी झाली आणि तो शेजारी येऊन बसला. समर्थ. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, कागलच्या एका कारखान्यात मशीनवर. आठवडाभर कागलला खोली, शनिवारी घरी, सोमवारी परत. गेम कसा वाटला, एवढंच त्यानं विचारलं. त्यानंतर बराच वेळ त्याला बोलायला मिळालं नाही.

ती सांगत सुटली. तलवारबाजी कंटाळवाणी आहे. तो काळा राजा नुसता आरडाओरडा करतो, त्याला गल्लीतला कुणीही पुढारी जड जाईल. पण ती दिवा घेऊन चालणारी पोरगी... तिला वाचवायला कुणी राजपुत्र येत नाही, ती मनोऱ्यात बसून रडत नाही, हे लई झालं. आणि नकाशा कोरा असतो. आपण चालू तेवढाच उमटतो. न चाललेली वाट कुणी फुकट दाखवत नाही. आणि गवत. तळहाताएवढ्या पडद्यावर वारा येतो आणि सगळं गवत एका बाजूला लवतं, तेव्हा आपल्याच मानेला गार लागतं.

"आणि ते खिंडीतलं दार," ती म्हणाली, "ते ज्यानं बनवलं त्याला एकदा माझ्यासमोर आणा."

खिंडीतलं दार हा नोरावेलचा शेवट. ते एकट्यानं उघडत नाही. दोन खेळाडू लागतात, दोघांकडं अर्धी अर्धी ज्योत लागते, आणि दोन कन्सोल हाताच्या अंतरावर लागतात. इंटरनेटवरून जमत नाही. शेजारी जिवंत माणूसच हवा.

"एकट्या माणसानं मग काय करायचं? अर्ध्यावर सोडायचं?"

"एकट्यानं बसमध्ये बसायचं," समर्थ म्हणाला. "कोण ना कोण भेटतंय."

बस तवंदीचा घाट उतरत होती. काचेबाहेर धुकं, हातातही धुकं.

निपाणीला ती उतरली. बस हलली तशी पडद्यावर अक्षरं आली : तुमचा सोबती दूर गेला आहे. वाट पाहायची? खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. तिनं नाही दाबलं. वाट पाहणं तिला कधी जमलंच नव्हतं. चहा उकळायची वाट बघतानाही ती गॅस मोठा करायची.

पण पुढच्या सोमवारी बेळगाव स्टँडवर बस लागली, तर खिडकीतून एक निळा रुमाल आधीच सीटवर पडलेला होता. "टीचर, जागा धरलीय," आतून आवाज आला. मग तो रुमालच ठरून गेला. सोमवारी जाताना तो धरायचा, शनिवारी परतताना कागलहून धरून आणायचा, आणि निपाणीला कुणी त्या सीटवर टेकायला गेलं की चक्क भांडायचा. अहो-जाहो कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही.

खेळायची तऱ्हा मात्र दोघांची उलटी. ती पळायची, उड्या मारायची, समोर येईल त्याला हाणायची. हा गेममधल्या मेंढरांना पाला घालत बसायचा. एकदा तर संकेश्वरपासून घाटापर्यंत त्याची पोरगी नुसती नदीकाठी बसून.

"काय चाललंय तुझं? मेली काय ती?"

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि एका कानातला इअरफोन काढून त्यानं तिच्यापुढं धरला.

वायर आखूड होती. तिला झुकावं लागलं... त्याच्या शर्टाला साबणाचा आणि थोडा मशीनच्या तेलाचा वास होता. कानात पाणी वाहत होतं, लांब कुठंतरी एक पाखरू थांबून थांबून बोलत होतं. एवढ्या दिवसांत हे पाखरू तिनं कधी ऐकलंच नव्हतं. निपाणी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिची बोटं मांडीवर अगदी गप्प पडली आहेत.

उतरताना तो विचारायचा, "मिळाली का गं तुझी अर्धी ज्योत?"

"अजून न्हाय. तुझी?"

"माझी पण न्हाय."

"मंद हाईस तू," ती म्हणायची.

ती चक्क खोटं बोलत होती. ज्योत तिला दुसऱ्याच आठवड्यात मिळाली होती. पण दार उघडलं की गेम संपणार, आणि गेम संपला की शेजारी बसायला कारण काय उरणार? तिची जात वेगळी, त्याची वेगळी, आणि बसमध्ये कोण कुणाशेजारी बसलं ही बातमी बसच्या आधी गल्लीत पोचते. कुणालाही तोंडावर सुनावणारी ही बाई एवढी एक गोष्ट बोलायला भीत होती, आणि त्या भिण्याचा तिला भयंकर राग येत होता.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी घाटात त्यानं सांगितलं. कंपनी त्याला गुजरातच्या कारखान्यात पाठवत होती, दोन वर्षं. शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरातूनच गाडी. घरचे स्टेशनवर येतील, त्यामुळं बेळगावला चक्कर नाही.

"शनिवारी तुझी शाळा दुपारी सुटती. कागल स्टँडवर ये," तो म्हणाला. "दार तेवढं उघडू."

तिला खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चार्ज करून आण."

शनिवारी ती निपाणीत बसमध्ये चढली तीच अस्वस्थ. दर स्टॉपला घड्याळ, दर वळणाला खिडकी. आणि सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बस थांबली ती थांबलीच. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "इळीरी, इळीरी. मुंद होगूदिल्ल. पुढं जात न्हाय, उतरा सगळी."

सकाळी कुणीतरी कुठल्याशा बसच्या पाटीला काळं फासलं होतं. मग तिकडच्यांनी इकडच्या पाटीला फासलं. झालं, दोन्ही राज्यांच्या बसा सीमेवरून माघारी. हे इथं वर्षा-दोन वर्षांनी होतंच. काळं फासणारे गाडीतून घरी जातात. डोक्यावर बोचकं घेऊन चालतात त्या बाया, आजारी म्हातारी आणि परीक्षेची पोरं. विद्युल्लताला हे नेहमीच चीड आणायचं. आज तर डोळ्यांत पाणी आलं. समर्थला फोन लावला, लागला नाही. कारखान्यात मोबाईल गेटवरच जमा करून घेत.

ती चालायला लागली. बॅरिकेड, पोलीस, उभे ट्रक. हायवेवर समोरून माणसांचा लोंढा, मागूनही लोंढा. भुरभुर पावसानं ओढणी गळ्याला चिकटली होती. कागल अजून लांब, वडापची जीप मिळेल न मिळेल. तो स्टँडवर उभा असेल, घड्याळ बघेल, शेवटी निघून जाईल... तिनं पाय उचलले.

आणि पिशवीत वाजलं — टिंग.

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागची बाई धडकली, पुटपुटत पुढं गेली. विद्युल्लता गर्रकन फिरली. दुभाजकापलीकडं, पाठीला सॅक, केस भिजून कपाळाला चिकटलेले, तोही थांबून गर्दीत माणूस शोधत होता. हातात कन्सोल. बसा बंद झाल्याचं कँटीनमध्ये कळलं, तसा अर्धी सुट्टी टाकून, फोन लागेना म्हणून वडापनं इथवर आला होता.

दोघं दुभाजकावरच टेकले. दोन्ही कन्सोल जवळ धरले. खिंड आली, धुकं आलं, दार आलं. तिच्या दिवेवालीच्या ओंजळीत अर्धी ज्योत झगझगत होती. त्याच्या पोरीचे हात रिकामे.

"तुझी कुठाय?"

समर्थ खाली बघत राहिला. "मिळाली होती. लई आधीच. पण दर रविवारी नदीत विझवून येत होतो. विझवली की परत शोधावी लागती."

"का?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय?"

तिला माहीत होतं. "माझी दुसऱ्याच आठवड्यात मिळालीय," ती म्हणाली. आता तोंड उघडलंच होतं. "आणि आजसुद्धा विझवून आलास? आज?"

"काल रात्री बसलो होतो आणायला. हात चालला न्हाय गं."

तिला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं. शेजारून जाणाऱ्या म्हातारीनं दोघांकडं बघून तोंड फिरवलं. फिरवू दे.

"हे बघ," विद्युल्लता म्हणाली, "दिवाळीला सुट्टी काढून यायचं. ज्योत घेऊन यायचं, विझवायची न्हाय. आणि बसमध्ये न्हाय यायचं. वडगावला, घरी. आई-आप्पांना घेऊन. माझ्या घरात काय व्हायची ती भांडणं मी बघते, तुझ्या घरातली तू बघ."

मग खिशातला निळा रुमाल काढून त्यानं तिच्या हातात दिला. "जागा धरून ठेव, टीचर."

तो कागलच्या बाजूला निघाला, वळून वळून बघत. ट्रकांच्या आड दिसेनासा झाला तेव्हा पडद्यावर अक्षरं आली : तुमचा सोबती दूर गेला आहे. वाट पाहायची?

रुमालानं पडद्यावरचं पाणी पुसून तिनं हो दाबलं.